आयनिक बंध शून्यातून समजून घ्यायचाय? एका बीकॉम आईने केलेली खटपट, स्टेप बाय स्टेप

लेक दहावीत गेली आणि जूनच्या दुसऱ्याच आठवड्यात वही घेऊन ओट्यापाशी आली, म्हणे आई, सोडियम इलेक्ट्रॉन का देतो. मी म्हटलं मला काय विचारतेस, मी बीकॉम, मला जीएसटी विचार. बाबांकडे गेली तर ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "अष्टक पूर्ण करायला." म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन व्हावेत म्हणून. हेच उत्तर क्लासच्या नोट्समध्ये, हेच गाईडमध्ये, आणि ह्याने पोरीला काहीही कळलेलं नव्हतं कारण तिचा पुढचा प्रश्न होता की अष्टक पूर्ण झालं तर सोडियमला काय मिळतं, बक्षीस?

मग मीच बसले. रोज रात्री भांडी झाल्यावर अर्धा तास, असे जवळजवळ तीन आठवडे. त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितेय. आठवी ते अकरावीतल्या कुणालाही चालेल, आणि पोराला शिकवायची वेळ आलेल्या माझ्यासारख्या कॉमर्सवाल्या पालकांना तर नक्कीच.

१. आधी सामान गोळा करा

नुसतं वाचून होणार नाही, करून बघायचंय. लागेल ते असं:

- आठवी आणि दहावीचं विज्ञानाचं पुस्तक. बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते, पुस्तकांसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात हेलपाटा नको. आठवीत रासायनिक बंधांचा धडा आहे आणि दहावीत धातूंच्या धड्यात आयनिक संयुगांचे गुणधर्म आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.
- ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिची क्लिप, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, चार क्रोकोडाइल क्लिपवाल्या वायरी. हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. पहिल्या दुकानदाराने मला "ताई, किती पीस?" विचारलं आणि एक म्हटल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुढच्या दुकानात गेले, तिथे दिलं.
- दोन साध्या पेन्सिली, दोन्ही टोकांना तासलेल्या.
- डिस्टिल्ड वॉटरची बाटली, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तीच.
- मीठ, साखर, खडेमीठ, मूठभर हरभरे, मूठभर मसूर.
- मेडिकलमधून ओआरएसचं एक पाकीट. का ते पुढे येईल.

२. "धन" आणि "ऋण" एकदाच डोक्यात बसवा

सोडियमचा अणुअंक ११, इलेक्ट्रॉन कवचांत २, ८, १ असे. क्लोरीनचा १७, म्हणजे २, ८, ७. सोडियमच्या बाहेरच्या कवचातला तो एकटा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो, मग सोडियमकडे २, ८ उरतात आणि क्लोरीनकडे २, ८, ८ होतात. इथवर सगळ्यांना येतं. घोळ पुढे होतो: सोडियमने दिलं, तर तो मायनस व्हायला हवा ना? माझ्या लेकीने तीनदा असंच लिहिलं.

ह्यावर आपल्या मराठीतच उत्तर आहे. ऋण म्हणजे काय? कर्ज! इलेक्ट्रॉनवर ऋण भार असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन ही उधारी आहे असं समजा. सोडियमच्या डोक्यावरची एक उधारी गेली, तो धनात आला, म्हणून धन आयन (आयन म्हणजे भार असलेला अणू किंवा अणूंचा गट). क्लोरीनने ती अंगावर घेतली, तो ऋण आयन. केंद्रातले प्रोटॉन जागचे हलले नाहीत, सोडियमकडे ११ प्रोटॉन आणि आता १० इलेक्ट्रॉन, करा वजाबाकी. हे सांगितल्यापासून तिची चिन्हं चुकलेली नाहीत.

३. हिशोब मांडा (इथेच खरी गंमत आहे)

पुस्तकातली चित्रं बघून असं वाटतं की सोडियम हा कर्णासारखा दानशूर आहे, आला क्लोरीन की दिला इलेक्ट्रॉन. तसं नसतं. सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा खर्च करावी लागते आणि ती कमी नाही. मी हे आकडे शोधले आणि सवयीने खातेवहीसारखे मांडले. सगळे किलोज्यूलमध्ये, एका मोलसाठी. मोल म्हणजे काय ते माहीत नसेल तर सध्या "ठरावीक ढीग" समजून पुढे चला.

खर्चाची बाजू: घट्ट सोडियम धातूमधून सुटे अणू करायला १०७. क्लोरीन जोडीने फिरतो, ती जोडी फोडून त्यातला एक अणू मिळवायला १२१. सोडियमचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६. एकूण ७२४.

जमेची बाजू: क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतला की ३४९ परत मिळतात.

बघा, ४९६ देऊन ३४९ मिळाले! म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ चा तोटा, वरचे दोन खर्च तर वेगळेच. असा धंदा कोण करेल? इथे मी दोन दिवस अडकले होते, मला वाटलं मीच आकडे उलटे लिहिले.

जमेतली मोठी रक्कम अजून यायची आहे. धन आणि ऋण आयन तयार झाल्यावर ते एकमेकांना ओढतात आणि एकावर एक, शेजारी शेजारी, चहूबाजूंनी रचले जाऊन स्फटिकाची जाळी बनते, आणि ह्या रचनेतून ७८७ बाहेर पडतात. आता जमा ३४९ अधिक ७८७ म्हणजे ११३६. त्यातून ७२४ वजा, शिल्लक ४१२. नफा! म्हणून सोडियम आणि क्लोरीन एकत्र आले की उजेड आणि उष्णता बाहेर टाकत मीठ तयार होतं. हा जमाखर्च १९१९ मध्ये मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर ह्यांनी मांडला, अकरावी-बारावीत त्यांच्या नावाने येतो. दहावीला आकडे पाठ करायची काहीच गरज नाही, पण बंध म्हणजे इलेक्ट्रॉन देणं नव्हे, बंध म्हणजे त्यानंतरची ती ओढ, एवढं ह्या हिशोबातून कळतं, आणि पुढचे सगळे गुणधर्म त्या ओढीतूनच निघतात.

४. ताटात जाळी मांडा

एका ताटात हरभरे आणि मसूर एकाआड एक लावा, बुद्धिबळाच्या पटासारखे. हरभरा म्हणजे क्लोराइड, मसूर म्हणजे सोडियम. मुद्दाम लहान-मोठे घेतलेत, कारण इलेक्ट्रॉन गेल्यावर सोडियमचं बाहेरचं कवचच जातं आणि तो आक्रसतो, क्लोराइड मात्र फुगतो.

आता एका मसुराला बोट लावून लेकराला विचारा, ह्याचा जोडीदार कोणता? ताटात चार हरभरे त्याला चिकटून आहेत, वर एक थर आणि खाली एक थर कल्पना केला तर सहा. तसंच प्रत्येक हरभऱ्याभोवती सहा मसूर. म्हणजे ह्याची अशी ठरलेली जोडी नाहीच, सगळं वाडाच एकत्र नांदतोय!

सापळा: "मिठाचा रेणू" असं लिहू नका. घट्ट मिठात सुटा रेणू नसतो, सूत्र फक्त प्रमाण सांगतं, एकास एक. आणि हे न पटणारे तुम्ही पहिले नाही. लॉरेन्स ब्रॅगने १९१३ मध्ये क्ष-किरण वापरून मिठाची ही रचना दाखवली, १९१५ मध्ये वडिलांबरोबर नोबेल घेतलं तेव्हा तो २५ वर्षांचा होता, आणि तरीसुद्धा १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे बुजुर्ग रसायनशास्त्रज्ञ ह्या बुद्धिबळाच्या पटावर छापील चिडचिड करत होते.

५. सूत्र लिहायला शिका, पटकन

नियम एकच, धन आणि ऋण मिळून शून्य झालं पाहिजे. मॅग्नेशियमवर धन २, क्लोराइडवर ऋण १, म्हणून एका मॅग्नेशियमला दोन क्लोराइड. ॲल्युमिनियम धन ३ आणि ऑक्साइड ऋण २, तर दोनास तीन. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडे २, म्हणून एकास एक, तिथे पोरं तिरका गुणाकार करून दोनास दोन लिहितात आणि मार्क घालवतात. प्रमाण लहान करून लिहा.

६. एलईडीचा प्रयोग

जोडणी अशी: बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय. एलईडीच्या आखूड पायापासून एक पेन्सिल. दुसरी पेन्सिल बॅटरीच्या मायनसला. क्लिप पेन्सिलीच्या वरच्या टोकाच्या शिशाला लावा, लाकडाला लावून काही होत नाही (हो, मी लावली होती). खालची दोन टोकं ज्यात बुडवाल त्यातून वीज जाते का ते एलईडी सांगेल. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून एलईडी लागतो का बघा, नाही लागला तर तो उलटा जोडलाय.

घरातला प्लग, चार्जर, ॲडॉप्टर काहीही वापरायचं नाही, फक्त ही बॅटरी. हे मोठ्यांसमोरच करा.

आता ह्याच क्रमाने: कोरडं मीठ, डिस्टिल्ड पाणी, डिस्टिल्ड पाण्यात साखर, डिस्टिल्ड पाण्यात मीठ. प्रत्येक वेळी टोकं पुसून घ्या. पहिल्या तिघांत अंधार आणि चौथ्यात लख्ख उजेड यायला हवा. कोरड्या मिठात आयन भरपूर आहेत पण जागेवर जखडलेले, पाण्यात ते मोकळे होऊन फिरतात म्हणून वीज वाहते. साखरेत आयनच नाहीत, ती विरघळली तरी अख्खे रेणूच राहतात.

माझे दोन पचके सांगते.

पहिला: मी हे सगळं नळाच्या पाण्यात केलं. मिठाशिवायच एलईडी मिणमिणायला लागला, साखरेतही मिणमिणला, लेक म्हणाली म्हणजे साखर पण आयनिक? नळाच्या पाण्यात आधीच क्षार असतात हो. आमच्या धायरीतल्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं त्यात तर अजूनच. म्हणून डिस्टिल्ड.

दुसरा: जुलैत केलं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं ते सगळ्यांना माहितीये, मिठात मॅग्नेशियम क्लोराइडसारखी भेसळ असेल तर ती हवेतला ओलावा ओढते. त्या ओलसर मिठात एलईडी मंद लागला आणि "घन मीठ वीज वाहत नाही" हे वाक्य आमच्या घरात दोन दिवस खोटं ठरलं होतं. मीठ आधी तव्यावर कोरडं भाजून, गार करून घ्या.

मिठाच्या पाण्यात टोकांवर बुडबुडे दिसतील. मायनसच्या बाजूला हायड्रोजन, प्लसच्या बाजूला थोडा क्लोरीन, पोहण्याच्या तलावासारखा वास येतो तो त्याचाच. म्हणून दहा-पंधरा सेकंदच करा, खिडकी उघडी ठेवा, वाकून वास घेऊ नका.

एक बरं वाटणारी गोष्ट: पाण्यात गेल्यावर क्षारांचे आयन सुटे होतात हे स्वान्ते अऱ्हेनियसने १८८४ मध्ये आपल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडलं तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं होतं. त्याच कामावर १९०३ मध्ये नोबेल मिळालं. लेकीने हे चिठ्ठीवर लिहून टेबलासमोर चिकटवलंय, चाचणी परीक्षेच्या मार्कांच्या बरोबर वर.

७. वितळणं आणि विरघळणं, ही भानगड सोडवा

बोलताना आपण दोन्ही सर्रास वापरतो, "मीठ वितळलं का गं पाण्यात?" परीक्षेत हे चालत नाही. वितळणं म्हणजे नुसत्या उष्णतेने घनाचा द्रव होणं. विरघळणं म्हणजे पाण्यासारख्या द्रवात मिसळून जाणं. वीज दोन्हीत वाहते, वितळलेल्या मिठात पण आणि विरघळलेल्यातही, कारण दोन्हीकडे आयन मोकळे होतात. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये सोडियम धातू पहिल्यांदा वेगळा काढला तो वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडूनच.

मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. हे घरी करायला जाऊ नका, गरम खडे तडतडून उडतात. त्याऐवजी कुकरमधला केक आठवा. खाली मीठ पसरून वर डबा ठेवतो, तासभर तापतं, तरी मीठ तसंच्या तसं, पुढच्या केकला तेच वापरतो. तिथे साखर पसरली असती तर चिक्की झाली असती. साखरेत सुट्या रेणूंमधली ओढ कमजोर असते, मिठात प्रत्येक आयनाला सहा बाजूंनी धरून ठेवलेलं असतं.

आता भार वाढवून बघा. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये १ आणि १ ऐवजी २ आणि २ आहेत, शिवाय आयन लहान म्हणून जवळजवळ. वितळायला लागतात सुमारे २८५० अंश. तुमच्या गीझरच्या कॉइलमध्ये आतली तापणारी तार आणि बाहेरची नळी ह्यांच्यामध्ये हीच पावडर ठासून भरलेली असते, उष्णता जाऊ देते, वीज अडवते आणि वितळायचं नाव घेत नाही.

आणि त्याच कॉइलच्या बाहेर जो पांढरा थर बसतो तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, तोही आयनिक. आमचा प्लंबर वर्षातून एकदा तो खरवडतो आणि दरवेळी "वहिनी, पाणी बदला" म्हणतो, जसं काही ते माझ्या हातात आहे. इथे सापळा असा की "आयनिक संयुगं पाण्यात विरघळतात" हे पाठ करून पोरं सगळ्यांना लावतात. मीठ १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम विरघळतं, पण कॅल्शियम कार्बोनेट जवळजवळ नाहीच, नाहीतर शहाबादी फरशी रोज पुसून पुसून संपली असती. पाण्याच्या रेणूंची ओढ जाळीच्या ओढीच्या तोडीची असेल तर बहुतेकदा विरघळतं. म्हणून उत्तरात "सर्वसाधारणपणे" हा शब्द घाला. तेल, रॉकेल ह्यांत मात्र विरघळत नाहीत, वाटीत तेल घेऊन मीठ टाका, तळाशी जाऊन बसतं.

८. ठिसूळपणा बघायला खलबत्ता

खडेमिठाचा एक मोठा खडा घ्या आणि बत्त्याने अलगद एक टोला द्या. चपटा होत नाही, फुटतो, आणि भिंगातून बघितलंत तर तुकड्यांच्या बाजू सपाट दिसतात. तांब्याची तार ठोका, ती पसरेल. कारण पुन्हा ताटातच आहे: हरभरे-मसुराची एक अख्खी ओळ एक घर सरकवा. हरभऱ्यासमोर हरभरा आला, मसुरासमोर मसूर. सारखे भार समोरासमोर आले की ढकलाढकली, आणि तिथूनच दोन तुकडे. ह्या एका कृतीनंतर लेकीने "कठीण पण ठिसूळ" ह्याचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहिलं, मी काहीच सांगितलं नाही.

९. आता ओआरएसचं पाकीट उलटा

मागे घटक वाचा: सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, ट्रायसोडियम सायट्रेट, ग्लुकोज. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरला अनुक्रमे २.६, १.५, २.९ आणि १३.५ ग्रॅम. ह्यातले आयनिक कोणते? पहिले तीन. ग्लुकोज सहसंयुज, म्हणजे त्यातले अणू इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन नाही तर वाटून घेऊन जोडलेले, साखरेचा भाऊ. मग टूथपेस्ट घ्या, खायचा सोडा घ्या, तुरटी घ्या. आम्ही जेवताना हाच खेळ खेळायचो, बाबा दरवेळी हरायचे.

खेळताना "धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक" हा नियम बहुतेक वेळा चालतो, पण कल्हईवाले वापरतात तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्यात धातूच नाही आणि तरी आयनिक आहे. उलटीकडे हायड्रोजन क्लोराइड वायू सहसंयुज आहे आणि पाण्यात गेला की आयन देतो. ही दोन उदाहरणं मास्तरांची आवडती आहेत, कुठेतरी लिहून ठेवा.

१०. आवराआवर

बॅटरीची क्लिप काढून ठेवा, विसरलात तर दोन टोकं चिकटून ती गरम होते. क्रोकोडाइल क्लिपना मिठाचं पाणी लागलं असेल तर धुऊन कोरड्या करा, माझ्या दोन गंजल्या. पेन्सिली परत कंपासमध्ये गेल्या तरी चालतील. हरभरे भिजत घाला, दुसऱ्या दिवशी उसळ. प्रयोगाचं खारं पाणी मात्र बेसिनमध्येच ओता, भरपूर पाणी सोडून, तुळशीची कुंडी हाताशी होती म्हणून मी तिच्यात ओतलं आणि आठवड्याभरात तुळस करपली, त्यावर सासूबाई अजून बोलतात.